पेट्रोल की डिझेल? घरची एसयूव्ही, रोजचा वापर गावातला, महिन्यातून दोनदा गडहिंग्लज

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. घरात पाच माणसं आहोत: आम्ही दोघं, मुलगी आणि आई-बाबा. जुनी हॅचबॅक काढून एसयूव्ही घ्यायची आहे. ऑन-रोड अठरा लाखांपर्यंत जाता येईल. थोडं कर्ज काढावं लागेल आणि गाडी किमान आठ वर्षं ठेवायची आहे.

राहायला कोल्हापुरात. रोजचा वापर म्हणजे मुलीची शाळा, शाहूपुरीतलं दुकान आणि बाजार. एक फेरी चार-पाच किलोमीटरच्या वर जात नाही. महिन्यातून दोनदा गडहिंग्लजला गावी जाणं असतं. वर्षातून दोन-तीनदा गगनबावड्यावरून कोकणात, तेही पाच माणसं आणि डिकी भरून. सगळं मिळून महिन्याला हजार किलोमीटरच्या आसपास.

पसंत केलेली गाडी १.५ साधं पेट्रोल, १.५ टर्बो पेट्रोल आणि १.५ डिझेल अशा तीन इंजिनांत मिळते. शोरूमवाले म्हणतात घाट आहे तर डिझेलच घ्या. बाबाही डिझेलच म्हणतात, कारण पंपावर दर कमी. शेजारच्यांचं म्हणणं, गावात फिरवलीत तर डिझेलचा फिल्टर चोक होऊन डोक्याला ताप. ऑटोमॅटिक हवी, कारण बायकोलाही रोज चालवायची आहे. जाणकारांनी नीट खोलात जाऊन सांगावं.

हिशेबनीस

आधी पैशाचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. पंपावरचा दर हा हिशेबाचा एक तुकडा झाला. खरा आकडा काढायचा तर एकच भागाकार आहे: दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक भागिले दर किलोमीटरमागे होणारी बचत. उत्तर येईल तेवढे किलोमीटर गाडी चालली, की तिथून पुढे डिझेलचा फायदा सुरू.

एकाच व्हेरियंटचं साधं पेट्रोल १३ लाख एक्स-शोरूम आणि डिझेल १४.५ लाख धरा. महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी रस्ता कर पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के आहे. डिझेलला हेच १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे पेट्रोलचा कर १,५६,००० आणि डिझेलचा २,०३,०००. इथेच ४७,००० वाढले, आणि शोरूमवाले एक्स-शोरूमचा फरक सांगताना ही रक्कम सांगत नाहीत. विम्याचे पाच-सहा हजार जादा धरले की एकूण फरक २ लाख ३ हजारांवर जातो.

आता बचत. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ रुपये धरतो, तुम्ही त्या दिवशीचा दर घाला. गाव आणि हायवे मिळून साध्या पेट्रोलला १२.५ आणि डिझेलला १७ चं अ‍ॅव्हरेज पकडू. कंपनीचे आकडे यापेक्षा बरेच वरचे असतात, ते हिशेबात घेऊ नका. पेट्रोलला किलोमीटरमागे ८ रुपये ४० पैसे पडतात, डिझेलला ५ रुपये ३५ पैसे. फरक ३ रुपये ५ पैशांचा. त्यातून डिझेलच्या जादा सर्व्हिसिंगचे आणि डीईएफचे (धूर शुद्ध करायला वेगळ्या टाकीत घालायचा द्रव) ३५ पैसे वजा करा. उरतात २ रुपये ७० पैसे. २,०३,००० भागिले २.७० म्हणजे जवळपास ७५,००० किलोमीटर. तुमच्या वापराने सव्वासहा वर्षं.

आणि हा जादा पैसा कर्जाचा असेल तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांत त्यावर सुमारे ५०,००० व्याज जातं. मग आकडा पोचतो ९४,००० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पावणेआठ वर्षं. तुम्ही गाडी आठ वर्षं ठेवणार, तेव्हा निव्वळ पैशात डिझेलचा फायदा शून्याच्या जवळ. विकताना डिझेलला थोडी जास्त किंमत येते हे खरं, पण आठ वर्षांनंतरच्या बाजाराच्या भरवशावर आज दोन लाख गुंतवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हेच गणित मोठ्या गाडीला लावलं तर उलटं होतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल आणि २.२ डिझेल अशा जोडीत एक्स-शोरूमचा फरक बऱ्याचदा कमी असतो. समजा १८ लाख आणि १८.६ लाख. करासकट फरक १ लाख ५ हजार होतो. अ‍ॅव्हरेज मात्र ९ आणि १३, म्हणजे किलोमीटरला ११.६७ विरुद्ध ७ रुपये. जादा खर्चाचे ६० पैसे काढले तरी ४ रुपयांच्या वर उरतात. पंचवीस-सव्वीस हजार किलोमीटरमध्ये पैसे वसूल. म्हणून ‘अमक्याने डिझेल घेतली, त्याला परवडली’ हे ऐकताना त्याची गाडी कुठली, हे आधी विचारा.

टर्बो पेट्रोलची गोष्ट वेगळी. गावात ते ११ च्या वर क्वचितच देतं, म्हणजे किलोमीटरला साडेनऊ रुपये. साध्या पेट्रोलपेक्षा वर्षाला १४,००० जास्त. शिवाय बहुतेक कंपन्या ते वरच्या व्हेरियंटमध्येच देतात.

दुकान आहे म्हणून एक सांगून ठेवतो. दुकानाच्या नावावर गाडी घेतली की जीएसटीचं क्रेडिट मिळतं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या गाडीला सामान्य व्यापाऱ्याला ते मिळत नाही. आणि कंपनीच्या नावावर पासिंग केलं तर रस्ता करही जास्त बसतो.

उद्यमनगर_वर्कशॉप

हिशेबनीसांचा आकडा बरोबर आहे. पण तुमच्या बाबतीत पैशापेक्षा मोठा प्रश्न चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा आहे. शेजारी ‘फिल्टर चोक होतो’ म्हणतात ते अर्धं खरं. तो का चोक होतो ते समजलं तर निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे कडक नियम) लागू झालं, तेव्हापासून डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ असतो. सिरॅमिकची बारीक भोकांची जाळी, ती काजळी अडवते. भरत आली की ती काजळी जाळून टाकावी लागते, त्याला रीजनरेशन म्हणतात. काजळी जळायला ५५० ते ६०० अंश तापमान लागतं. हायवेला लोडवर गाडी चालली की यातलं बरंच काम आपसूक होत राहतं. गावात एक्झॉस्ट एवढा तापत नाही, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुद्दाम डिझेलचा जादा फवारा उशिरा मारतो. ते डिझेल एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं आणि जाळी तापवतं. या कामाला गरम इंजिनवर सलग १५-२० मिनिटं लागतात. राजारामपुरीतून शाहूपुरीत तुम्ही दहा-बारा मिनिटांत पोचता आणि चावी बंद करता. रीजनरेशन अर्ध्यात तुटतं. पुढच्या फेरीला परत सुरू होतं, परत तुटतं.

नुसती काजळी साठते एवढंच नाही. उशिरा मारलेल्या डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइल पातळ होतं आणि त्याची पातळी वाढते. बीएस-६ डिझेलमध्ये ऑइलची पट्टी दर पंधरा दिवसांनी ओढून बघायची. पातळी ‘मॅक्स’च्या वर गेली असेल आणि वासाला डिझेल येत असेल तर किलोमीटर झाले नसले तरी ऑइल आणि फिल्टर बदलायचे. पातळ ऑइलवर सगळ्यात आधी टर्बोचं बेअरिंग जातं, मग टायमिंग चेन. ऑइल कमी झालं की लोक घाबरतात, वाढलं की खूश होतात. इथे वाढणं जास्त वाईट.

रीजनरेशन चालू आहे हे ओळखता येतं. उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीच्या ७५०-८०० वरून ९००-१००० वर जातो, स्क्रीनवरचं चालू अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, ऑटो स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो आणि गरम वास येतो. असं दिसलं तर शक्यतो गाडी बंद करू नये, दहा-पंधरा मिनिटं आणखी फिरवावी.

डीपीएफचा दिवा लागला तर कावळा नाक्यावरून हायवेला लागायचं आणि कागलच्या दिशेला जाऊन यायचं. वेग ६० च्या वर आणि शक्य तिथे सलग. गिअर एक खाली ठेवून आरपीएम २००० च्या वर धरायचा. पाचव्या-सहाव्या गिअरला १४०० आरपीएमवर रेंगाळत गेलात तर एक्झॉस्ट तापत नाही आणि फेरी फुकट जाते. हायवेच्या रुंदीकरणाच्या कामामुळे वळणरस्त्यांना अडकायला होतं, म्हणून सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा जावं. टाकीत पुरेसं डिझेल हवं. रिझर्व्हचा दिवा लागलेला असेल तर बऱ्याच गाड्यांत रीजनरेशन सुरूच होत नाही. दिवा लुकलुकायला लागला किंवा चेक इंजिनही आलं आणि पिकअप मेला, तर मग हायवेचा उपाय संपला. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून फोर्स्ड रीजनरेशन करावं लागतं. तेही जमलं नाही तर जाळी काढून साफ करणं किंवा बदलणं. नवी जाळी गाडीनुसार लाखाच्या घरात जाते.

काजळी जळते, राख जळत नाही. राख येते इंजिन ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हमधून. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. बहुतेकांत एसीईए सी२, सी३ किंवा सी५ असं लिहिलेलं असतं. ट्रकला चालणारं स्वस्त १५डब्ल्यू४० ओतलं तर जाळी वेळेआधी राखेने भरते आणि राखेवर हायवेचा इलाज नाही.

डीईएफ सगळ्या डिझेल गाड्यांना लागत नाही, तुमच्या मॉडेलला लागतं का ते विचारा. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असं ते मिश्रण असतं. या आकाराच्या गाडीला साधारण ७०० ते १,००० किलोमीटरला एक लिटर धरा. झाकण निळं असतं. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलं गेलं तर चावी फिरवायची नाही, स्टार्टही करायची नाही. टोइंग करून टाकी उतरवायची. पंप चालू झाला की ते रेल (इंजेक्टरना डिझेल पुरवणारी नळी) आणि इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि खर्च लाखांत जातो. डीईएफ संपत आलं की गाडी किलोमीटरची उलटी मोजणी दाखवते. शून्यावर आल्यावर एकदा बंद केलेली गाडी परत स्टार्ट होत नाही. उघडा कॅन उन्हात ठेवू नका, आणि शेतातला युरिया पाण्यात कालवून घालायचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघा. त्यातल्या अशुद्धीने एससीआरचा, म्हणजे डीईएफ वापरून धूर शुद्ध करणाऱ्या भागाचा, कॅटॅलिस्ट कायमचा मरतो.

जाळी काढून ‘रीमॅप’ करून देणारे सापडतील. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि निघालेला धूर आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या नाकात जातो. करू नका.

आता तुमचा वापर. गावात एका रीजनरेशनपासून दुसऱ्यापर्यंत साधारण २५०-३०० किलोमीटर मिळतात. गडहिंग्लजच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तुमचे गावातले किलोमीटर तेवढेच होतात. कागल, निपाणी, संकेश्वर असा हायवे धरून गेलात तर त्या एका फेरीत जाळी व्यवस्थित मोकळी होईल. म्हणजे डिझेल चालेल, पण काठावर. एखाद्या महिन्यात गावी जाणं झालं नाही, तर मुद्दाम हायवेला गाडी काढावी लागेल. ही शिस्त घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला पाळता येणार असेल तरच डिझेल. नसेल तर पेट्रोल घ्या आणि निवांत राहा.

घाटवाट

वरचं दोन्ही पटलं. पण ‘पेट्रोल घ्या’ म्हणताना कुठलं पेट्रोल, हे सांगायला हवं. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन साधं १.५ पेट्रोल गगनबावड्याला कसं चढतं ते आधी माहीत असू द्या.

उदाहरणाला क्रेटाची तिन्ही इंजिनं घेऊ, कारण तिथे आकडे शेजारी-शेजारी मिळतात. साधं पेट्रोल ११५ पीएस, टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) १४४ एनएम आणि तोही ४५०० आरपीएमला. डिझेल ११६ पीएस, पण टॉर्क २५० एनएम आणि तो १५०० आरपीएमपासून. टर्बो पेट्रोल १६० पीएस, २५३ एनएम, तोही १५०० पासून. साधं आणि डिझेल यांची ताकद कागदावर सारखीच आहे, फरक ती कुठे मिळते याचा. गगनबावड्याखालच्या करूळ घाटाच्या वळणावर तुम्ही २० च्या वेगावर येता, आरपीएम १५००-१८०० वर असतो. तिथे डिझेल लगेच उचलतं. साधं पेट्रोल दुसऱ्या गिअरला ४००० च्या वर ओढावं लागतं. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी सावकाश चढते. शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १०० मीटर उंचीला साधारण एक टक्का उतरते. आपलं कोल्हापूरच साडेपाचशे मीटरच्या वर आहे, म्हणजे पाच-सहा टक्के इथेच गेले. टर्बोला हा तोटा फारसा जाणवत नाही.

याचा अर्थ साधं पेट्रोल घाट चढत नाही असा नाही. चढतं. पुढच्या उसाच्या ट्रॅक्टरला किंवा एसटीला ओव्हरटेक करायला मात्र जागा जास्त लागते. वर्षातून दोन-तीनदा कोकण असेल तर दहा मिनिटं उशिरा पोचायची तयारी ठेवली की झालं. दर महिन्याला आंबोली, आंबा घाट, फोंडा करणाऱ्याला मी साधं पेट्रोल सुचवणार नाही.

तुमच्यासाठी खरा मुद्दा गिअरबॉक्सचा आहे. तिन्ही इंजिनांना ऑटोमॅटिक वेगवेगळ्या जातीची येते. डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून जोर पोचवणारी. घाटात सगळ्यात निर्धास्त, हळूहळू सरकताना तापत नाही. साध्या पेट्रोलला सीव्हीटी. महाद्वार रोडच्या गर्दीला आणि शाळेच्या दारात थांबत-सरकत जायला याच्यासारखी मऊ दुसरी नाही. टर्बोला सात गिअरची ड्राय क्लच डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक. हायवेला झकास, पण चढावर वाहनं खोळंबली असताना गाडी इंच-इंच सरकवली की क्लच तापतो आणि स्क्रीनवर इशारा येतो. डीसीटी घेतलीत तर चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही. ब्रेकवर किंवा ऑटो होल्डवर थांबायचं, पुढे दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्यायची, मग एका दमात सोडायची. इशारा आलाच तर बाजूला घेऊन न्यूट्रलला पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून थांबायचं.

उतारावर डिझेल आपोआप जास्त आवरतं असा समज आहे, त्यावर विसंबू नका. कुठल्याही ऑटोमॅटिकला मॅन्युअल मोडला टाकून दुसरा-तिसरा गिअर धरायचा आणि ब्रेक थोडा-थोडा मारायचा. भुईबावडा घाटाच्या उतारात डी वर ठेवून सतत ब्रेक दाबत उतरलात तर खाली पोचेपर्यंत पॅड जळल्याचा वास येतो. पावसाळ्यात निघताना करूळ सुरू आहे का ते विचारून घ्या. दरड आली की वाहतूक भुईबावडा किंवा फोंड्याने वळते.

टर्बो कुठलाही असो, घाट चढून वर थांबलात की लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर आयडल होऊ द्या.

राजारामपुरीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना हिशेब वाचून दाखवला, त्यांनाही पटला. आता कल साध्या पेट्रोल सीव्हीटीकडे आहे. दोन शंका राहिल्या. एक, ई२० पेट्रोलचं काय? इंजिनाला त्रास होतो असं सगळीकडे ऐकतो. दुसरी, दुकान व्हीनस कॉर्नरच्या जवळ. पुराच्या पाण्यात पेट्रोल सोपं की डिझेल?

पंचगंगा_काठ

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. आपल्या भागातल्या उसाचंही इथेनॉल त्यात जातं, त्यामुळे आपल्याकडे या विषयावर मतं दोन्ही बाजूंनी तीव्र आहेत. तांत्रिक बाजू एवढीच: एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून ई२० मध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. त्यातली निम्मी घट ई१० आलं तेव्हाच झाली होती. अ‍ॅव्हरेज थोडं कमी मिळणार हे गृहीत धरा. हिशेबनीसांनी १२.५ धरलंय, त्यात ते आलं. नव्या गाडीचे पाइप, सील आणि पंप ई२० ला चालतील असेच असतात, तिथे काळजी नाही. मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणाच्या आत ई२० लिहिलेलं बघून घ्या. चिंता जुन्या गाड्यांची, त्यांचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलने फुगतात किंवा कडक होतात.

एक गोष्ट मात्र नव्या गाडीलाही लागू. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. गाडी स्टार्ट होते, धक्के देते, बंद पडते.

पूर ओसरल्यावर ज्या पंपाच्या आवारात पाणी शिरलं होतं, तिथे पहिले काही दिवस भरू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर आठवा, शिरोलीजवळ हायवेच बंद होता. जमिनीखालच्या टाकीत पाणी गेलं की पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्या सारख्याच फसतात. शंका आली तर घनता दाखवायला सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे. पंपावर लिहिलेली आणि समोर मोजलेली घनता, १५ अंशाला आणून, यात घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको. डिझेल गाडीला फिल्टरखाली पाणी साठवणारी वाटी असते. पाण्याचा दिवा लागला की लगेच ते काढायचं, कारण रेलमध्ये दीड-दोन हजार बारचा दाब असतो आणि पाण्याच्या थेंबाने इंजेक्टरचं टोक खराब होतं.

पुराच्या पाण्यात गाडी घालणं दोघांनाही घातक. एअर इनटेकमधून पाणी आत गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, वर जागा कमी, त्यामुळे थोड्या पाण्यातही नुकसान होतं. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारायचीच नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा, ढकलून बाहेर घ्या. नुसत्या पूर्ण विम्यात हे इंजिनाचं नुकसान सहसा बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर घ्या. व्हीनस कॉर्नर आणि नागाळा पार्कच्या माणसाने तर ते घ्यायलाच हवं. त्यातही पाण्यात पुन्हा स्टार्ट मारल्याचं दिसलं तर दावा अडकू शकतो.

हिशेबनीस

एक पर्याय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या हायब्रिडचा कंपनीचा आकडा २७.९७ आहे. तो मिळणार नाही, पण गावात १९ सहज धरता येतो. १०५ भागिले १९ म्हणजे साडेपाच रुपये किलोमीटर, डिझेलच्या बरोबरीने, आणि डीपीएफची कटकट नाही. छोट्या फेऱ्यांना हेच सगळ्यात शहाणपणाचं इंजिन. अडचणी दोन. किंमत तुमच्या मर्यादेच्या वर जाण्याची शक्यता, आणि बॅटरी मागे असल्याने डिकी लहान होते. पाच जणांचं कोकणचं सामान त्यात बसतं का ते बॅगा नेऊन बघा.

सीएनजी तुम्हाला नको. सिलिंडर डिकी खातो आणि साध्या इंजिनाची ताकद आणखी उतरते. पाच माणसांनी घाटात दम लागेल.

बजेट कमी करायचं मनात आलं तर चार मीटरच्या आतल्या गाड्याही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतचं डिझेल, लांबी चार मीटरपर्यंत, यांना जीएसटी १८ टक्के आहे. त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के. मागच्या सीटवर तिघं मोठी माणसं बसवून मग ठरवा.

घाटवाट

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या चौकात फिरवून घेऊ नका. पाचही माणसं बसवा, एसी लावा आणि पन्हाळ्याकडे चला. वाघबीळच्या पुढच्या चढाला दोन गोष्टी बघा: ३० वरून ६० ला जाताना अ‍ॅक्सिलरेटर किती दाबावा लागतो, आणि सीव्हीटीचा आवाज आई-बाबांना मागे बोलताना त्रास देतो का. चढावर मध्येच थांबवून परत सोडा. गाडी मागे घरंगळू नये. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर डिझेल ऑटोमॅटिकही चालवा. दोन लाखांचा फरक तुमच्या पायाला जाणवतो का, ते तिथेच कळेल.

उद्यमनगर_वर्कशॉप

बुकिंगच्या वेळचं सांगतो. चॅसिस नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यातली ते बघा, तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. टायरवरचा चार आकडी कोड बघा, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाचही टायर जवळपास एकाच काळातले हवेत. वाढीव वॉरंटी घेणार असाल तर सीव्हीटी, इंजेक्टर आणि सेन्सर त्यात आहेत का ते लेखी घ्या. डिझेल ठरलं तर टर्बो आणि डीपीएफबद्दलही तसंच विचारा.

पेट्रोल सीव्हीटी घेतलीत तर पहिले हजार किलोमीटर आरपीएम एकाच जागी धरून चालवू नका, गडहिंग्लजची पहिली फेरी वेग वर-खाली करत करा. छोट्या फेऱ्यांच्या गाडीला ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच, किलोमीटर पाच हजार झाले असले तरी. इंजिन पूर्ण तापत नसल्याने पेट्रोलच्या ऑइलमध्येही ओल साठते. ऑइलच्या झाकणाच्या आत पांढरट साय दिसली तर त्या आठवड्यात एकदा हायवेला अर्धा तास काढा. सीव्हीटीचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे असं सांगतात. घाटाच्या वापरात ते ६०,००० च्या आसपास बदलून घ्या, आणि कंपनीने दिलेल्या ग्रेडचंच.

राजारामपुरीकर

वॉरंटीचं उद्याच विचारतो. रविवारी आई-बाबांना घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याला दोन्ही गाड्या चालवणार आहे, हायब्रिडचीही डिकी बघतो. ठरलं की किमतीच्या पावतीसकट इथेच लिहितो, म्हणजे पुढच्याला हिशेब करायला बरं.